लेडीज स्लिपर ऑर्किड ओळखायचं कसं? रंग सगळ्यात शेवटी बघा

जुलै-ऑगस्टात उत्तराखंडातली ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ करून आलेल्यांच्या फोटोंत एक फूल हमखास असतं. गुलाबी, फुगीर, पिशवीसारखं, आणि खाली नाव दिलेलं ‘लेडीज स्लिपर ऑर्किड’. बहुतेक वेळा तो तेरडा असतो. हिमालयातला, पुरुषभर उंच वाढणारा, पण तेरडाच. त्या दरीतलं खरं लेडीज स्लिपर जूनमध्ये, फार तर जुलैच्या सुरुवातीला फुलतं. गर्दीचा हंगाम येईतो त्याच्या जागी हिरवं बोंड उरलेलं असतं आणि लोक त्याच्या शेजारून निघून जातात.

चूक होते ती एकाच सवयीमुळे. पिशवी दिसली की आपण नाव ठेवून मोकळे होतो. पिशवी बनवणारी झाडं पुष्कळ आहेत. म्हणून ओळखीचा क्रम आधी ठरवून घ्यावा: फुलाची रचना, मग पानं, मग माप, आणि रंग अगदी शेवटी. हा क्रम उलटा केला की फसगत ठरलेली.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. महाराष्ट्रात आणि गोव्यात एकही जंगली लेडीज स्लिपर नाही. सह्याद्रीत आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, शंभराहून अधिक जाती आहेत, सीतेची वेणी घरोघर ठाऊक आहे, पण या गटातलं आपल्या डोंगरांत काही उगवत नाही. त्यामुळे त्याला मराठी बोलीतलं नावही नाही. आंबोलीत किंवा कासला ‘स्लिपर’ दिसलं असं कुणी म्हणालं तर ते दुसरं काहीतरी आहे. आणि पुण्या-मुंबईच्या नर्सरीत कुंडीत दिसलं तर ते संकरित रोप आहे, त्याला जंगली जातींची लक्षणं लावत बसू नये. भारतात ही फुलं तीन ठिकाणी बघायला मिळतात: हिमालयाच्या उंच उतारांवर, ईशान्येच्या दमट डोंगरांत, आणि दक्षिणेत केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलाईवर. शेवटच्या ठिकाणी एकच जात आहे.

आधी फूल मोजा

साध्या ऑर्किडला बाहेरची तीन दलं (निदलं) आणि आतल्या तीन पाकळ्या असतात. आतल्यांपैकी एक पाकळी वेगळ्या घडणीची असते, तिला ओठ म्हणतात. लेडीज स्लिपरमध्ये हा ओठ फुगून मोजडीच्या पुढच्या भागासारखा होतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या तीन खुणा मात्र बहुतेक जण बघत नाहीत, आणि खात्री त्यांनीच होते.

पहिली खूण मोजणीची. फुलाचे भाग मोजले तर सहाच्या जागी पाचच भरतात. वर छत्रीसारखं एक निदल, दोन्ही बाजूंना एकेक पाकळी, मध्ये मोजडी, आणि मोजडीच्या मागे लपलेलं एक निदल. हे मागचं निदल म्हणजे दोन निदलं एकमेकांना चिकटून झालेलं जोडदल. समोरून ते दिसत नाही. फुलाच्या मागे किंवा खाली जाऊन बघावं लागतं. हिमालयातल्या जातींत त्याचं टोक पुष्कळदा जरासं दुभंगलेलं असतं, त्यावरून दोन जोडली गेल्याचं कळतं. समोरून काढलेल्या फोटोवरून नाव सांगता येत नाही ते यासाठी.

दुसरी खूण ढालीची. मोजडीच्या तोंडाशी, फुलाच्या बरोबर मध्यावर, एक चपटी किंवा फुगीर ढाल असते. हा परागकण न बनवणारा पुंकेसर आहे. तिचा आकार आणि तिच्यावरचे ठिपके जातीगणिक बदलतात, म्हणून पुढे जात ठरवताना ती फार कामाला येते.

तिसरी खूण या ढालीच्या आडोशाला आहे. डाव्या-उजव्या बाजूला एकेक परागकोश असतो, म्हणजे एकूण दोन. जवळजवळ इतर सगळ्या ऑर्किडांत एकच परागकोश असतो, तोही टोकावर टोपीखाली. दोन परागकोश आणि मध्ये ढाल ही जोडी दिसली की शंका उरत नाही. ते बघायला फूल वाकवायची गरज नाही. दातांचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा छोटा आरसा आणि १० पट भिंग खिशात ठेवावं. आरसा बाजूने ढालीखाली धरला की पिवळसर चिकट परागाचे दोन ठिपके दिसतात. आरशाचा स्पर्शही होऊ देऊ नये. पराग चिकट असतो, आरशाला लागून आला तर त्या फुलाचा हंगाम वाया जातो.

ही रचना अशी का, हे समजलं तर खुणा लक्षात राहतात. मोजडीत मध नसतो. रंगाला किंवा वासाला भुलून आलेला कीटक वरच्या तोंडातून आत पडतो. आतल्या भिंती गुळगुळीत, आणि तोंडाची कड आत वळलेली किंवा निसरडी, त्यामुळे आला त्या वाटेनं त्याला परत जाता येत नाही. मोजडीच्या मागच्या बाजूला आतून केसांची शिडी असते. तिच्यावरून चढत तो ढालीच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद फटींपैकी एकीतून बाहेर पडतो. वाटेत आधी कुक्षीला (पराग झेलणाऱ्या भागाला) घासतो, मग परागकोशाला. त्यामुळे आधीच्या फुलाचा पराग इथे पोचतो आणि इथला पुढच्या फुलाला मिळतो. म्हणून खऱ्या मोजडीला एक पुढचं दार आणि मागे दोन चोरवाटा असतात. तेरड्याच्या पिशवीला हे काही नसतं.

ज्यांच्याशी गल्लत होते

तेरड्याची पिशवी मागे निमुळती होत जाऊन शेपटीसारख्या सोंडेत संपते. मोजडीचं टोक बंद आणि गोल असतं, सोंड कधीच नसते. शिवाय तेरड्याची पानं दातेरी, खोड पाणीदार, आणि एका झाडावर फुलं पुष्कळ. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फुटते, ही खूण तर आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक आहे.

हिमालयातली रॉस्कोया ही दुसरी फसवी. ही आल्याच्या कुळातली वनस्पती आहे. जांभळं फूल, वर फणा, खाली मोठा ओठ, त्यामुळे ती ऑर्किडच वाटते. पण तिचा ओठ पसरट आणि टोकाला दुभागलेला असतो, त्याची पिशवी होत नाही.

दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या बाजूला रस्त्याकडेला, ओल्या कठड्यांवर पिवळ्या पिशव्यांची कॅल्सिओलारिया दिसते. इंग्रजीत तिलाही ‘स्लिपर’ म्हणतात, सगळा घोळ त्या नावाचा आहे. पानं समोरासमोर, दातेरी किंवा कातरलेली, आणि फुलाला दोनच ओठ. मेघालयातल्या घटपर्णीचा घट म्हणजे तर फूलही नव्हे, ते पानाचं टोक आहे. घटावर झाकण दिसतं, आणि तो पानाच्या शिरेला लोंबतो.

आता पानांकडे

फूल खरं ठरलं की पुढचा प्रश्न प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा. भारतात दोन प्रजाती आहेत: सिप्रिपेडियम आणि पॅफिओपेडिलम. पहिल्या नावात ग्रीक देवी ॲफ्रोडायटी आणि तिची वहाण आहे. दुसऱ्यातही तीच देवी, फक्त पॅफॉस या तिच्या गावावरून. नावांनी गोंधळ होतो, पानांनी होत नाही.

सिप्रिपेडियमची पानं पातळ, मऊ आणि उभ्या चुण्यांची. नऊवारीच्या निऱ्या अर्धवट उलगडल्या तर दिसतील तशी. ती फुलाच्याच दांड्यावर खालून वर येतात आणि देठाऐवजी खोडाला वेढून बसतात. थंडीत सगळं झाड जमिनीवरून नाहीसं होतं, खाली आडवं खोड तेवढं जिवंत राहतं. फुलाच्या मागे पानासारखं मोठं हिरवं उपपर्ण असतं. मोजडीच्या तोंडाची कड आत वळलेली असते.

पॅफिओपेडिलमची पानं जाड, चामड्यासारखी, मधोमध घडी पडलेली आणि बाराही महिने हिरवी. ती जमिनीलगत दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरतात. फुलाचा दांडा त्यांच्या मधून वर येतो आणि दांड्यावर पान नसतं. फुलामागचं उपपर्ण लहान. मोजडीची कड आत वळत नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे उंचवटे असतात.

साधारणपणे एवढ्यावरच निकाल लागतो. बर्फ पडतो तिथे सिप्रिपेडियम, दमट डोंगरी जंगलात पॅफिओपेडिलम. सिक्कीम आणि अरुणाचलात दोन्ही सापडतात, पण उंची वेगळी.

हिमालयातल्या चार जाती

इथे सहा इंची स्टीलची पट्टी लागते. ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. मोजायच्या गोष्टी चारच: झाडाची उंची, पानांची संख्या, सर्वांत मोठ्या पानाची रुंदी आणि मोजडीची लांबी.

*सिप्रिपेडियम कॉर्डिजेरम* ओळखायला सगळ्यांत सोपी. उंची २५ ते ६० सेंटिमीटर, पानं बहुधा तीन-चार आणि चांगली रुंद, मोठं पान तळहाताएवढं होतं. निदलं आणि पाकळ्या हिरवट किंवा पिवळसर, मोजडी मात्र पांढरी, तिच्यावर पट्टे नाहीत. ढाल पिवळी, तिच्यावर लाल ठिपके. पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडापासून नेपाळ, भूतानपर्यंत, साधारण २,१०० ते ४,००० मीटरच्या पट्ट्यात, जंगलाच्या कडेला आणि झुडपांच्या सावलीत ती वाढते. फुलण्याचा काळ मे ते जुलै, जितकं उंच तितकं उशिरा. एका दांड्यावर बहुधा एकच फूल.

*सिप्रिपेडियम हिमालायकम* बुटकी, २० ते ३० सेंटिमीटरची. पानं बहुधा तीनच, लांबट, दोन ते चार सेंटिमीटर रुंद. फिकट हिरवट-पिवळ्या रंगावर तपकिरी-जांभळ्या उभ्या रेषा इतक्या दाट की दुरून फूल सबंध मातकट-जांभळं दिसतं. मोजडी साधारण अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणजे दहाच्या नाण्याएवढीच. तिचं तोंड अरुंद आणि कड बारीक लहरी. फुलाला गोडसर वास असतो. झाडांची हद्द संपते तिथून वरच्या गवताळ उतारांवर आणि खुरट्या झुडपांत, जून-जुलैत. ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये हीच शोधायची. राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं. तेव्हा वाटेत अजून बर्फ असतो आणि फुलांचे गालिचे नसतात, म्हणून फार थोडे जण जातात. स्लिपर बघायचं असेल तर जूनचा शेवटचा आठवडा गाठावा आणि गालिच्यांची आशा सोडावी. दोन्ही एकाच फेरीत साधत नाही.

*सिप्रिपेडियम टिबेटिकम* भारतात सिक्कीमच्या बाजूला. झाड बुटकंच, १५ ते ३५ सेंटिमीटर, पण फूल अंगापेक्षा मोठं. मोजडी साडेतीन ते सहा सेंटिमीटर, काळपट मरून, आणि तोंडाच्या कडेला बहुधा फिकट पांढरी किनार. हिमालायकमशी हिची गल्लत नेहमीची. दोन्ही बुटक्या, दोन्ही गडद. फोटोत माप कळत नाही म्हणून घोटाळा होतो. नाणं शेजारी ठेवलेलं असलं की वाद मिटतो: मोजडी नाण्याएवढी तर हिमालायकम, नाण्याच्या दीडपट-दुप्पट तर टिबेटिकम. पानंही बघावीत, टिबेटिकमची आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत रुंद होतात.

*सिप्रिपेडियम एलेगन्स* बघायला गुडघ्यांवर बसावं लागतं. सबंध झाड दहा-बारा सेंटिमीटर, पानं दोनच, जवळजवळ समोरासमोर, चार-पाच सेंटिमीटर लांब, आणि खोडावर दाट केस. मोजडी जेमतेम एक सेंटिमीटरची. शेवाळात, सावलीत, साडेतीन हजार मीटरच्या वर. हिला दुसरी कुठली समजण्याची चूक सहसा होत नाही. चूक होते ती दिसलीच नाही अशी.

चारही जातींत रंगाचा भरवसा का नाही, ते इथे सांगतो. एकाच उतारावर हिमालायकमच्या रेषा कुठे दाट, कुठे विरळ असतात. फूल जुनं झालं की पांढरी मोजडी पिवळट आणि मग तपकिरी होते, त्यामुळे सुकत चाललेलं कॉर्डिजेरम भलतीच जात वाटतं. कळीतली मोजडी फुगलेली नसते, हिरवी असते. आणि मोबाइलचा कॅमेरा मरून रंगाला हमखास जांभळा-निळा करतो. उन्हात तर जास्तच. टोपीने सावली धरून फोटो काढला की रंग पुष्कळ खरा येतो.

ईशान्येतल्या आणि अगस्त्यमलाईच्या जाती

पॅफिओपेडिलममध्ये वरचं निदल आणि बाजूच्या पाकळ्या बघायच्या. मोजडी बहुतेकांची सारखीच असते, तिच्यात वेळ घालवू नये. अपवाद एक: *व्हेनुस्टम*. तिच्या पिवळसर मोजडीवर हिरव्या शिरांचं ठळक जाळं असतं, आणि पाकळ्यांवर काळसर चामखिळी. फूल नसलं तरी ही ओळखता येते, कारण पानांवर गडद-फिक्या हिरव्याची नक्षी आणि पानाखाली दाट जांभळा रंग. भारतातल्या बाकी बहुतेक जातींची पानं साधी हिरवी किंवा फार तर पुसट नक्षीची.

*फेअरिएनम* एकदा पाहिली की विसरत नाही. वरचं निदल पांढरं, जांभळ्या शिरांचं, कड लहरी. पाकळ्या खाली झुकून टोकाशी पुन्हा वर वळलेल्या, म्हशीच्या शिंगांसारख्या. सिक्कीम, अरुणाचल आणि भूतान तिचं घर. १८५७ साली इंग्लंडमध्ये ही फुलली, आणि नंतर जवळजवळ अर्धशतक कुणाला सापडेना. तिकडच्या एका ऑर्किड व्यापाऱ्याने १,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पुन्हा सापडली आणि मग पोत्यांनी उपसली गेली.

*स्पायसेरिएनम*चं वरचं निदल शुभ्र, मधोमध एकच जांभळी रेघ, आणि दोन्ही कडा मागे मुडपलेल्या. समोरून ते टोकदार तंबूसारखं दिसतं. *हिर्सुटिसिमम* म्हणजे केसाळ: पाकळ्या लांब, बुडाशी चुणीदार, टोकाशी चमच्यासारख्या रुंद आणि गुलाबी-जांभळ्या, सगळीकडे केस. मार्च ते मेमध्ये मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या बाजूला फुलते, म्हणजे बाकीच्या पुष्कळ जाती हिवाळ्यात फुलून गेल्यावर.

खरी अडचण *इन्सिग्ने* आणि *व्हिलोसम* यांच्यात आहे. दोन्ही पिवळट-तपकिरी, दोन्ही वॉर्निश दिल्यासारख्या चकचकीत. आधी निदल बघा: इन्सिग्नेच्या निदलावर सुटे तपकिरी ठिपके आणि टोकाला पांढरा भाग, व्हिलोसमच्या निदलावर ठिपके नाहीत, मध्ये तपकिरी छटा सलग पसरलेली आणि कडेला फिकट पट्टी. मग पाकळी बघा: व्हिलोसमची पाकळी मधल्या रेघेने दोन भागांत वाटलेली दिसते, वरचा अर्धा गडद, खालचा फिका. दांड्यावर लांब केस. शेवटी जागा: व्हिलोसम बहुधा झाडावर, फांद्यांच्या बेचक्यात वाढते, इन्सिग्ने जमिनीवर किंवा खडकाच्या कपारीत. नर्सरीत मिळणारं ठिपके आणि जांभळी रेघ दोन्ही असलेलं रोप म्हणजे इन्सिग्ने आणि स्पायसेरिएनमचा संकर. जंगली झाडांत त्याची गणना करू नये.

दक्षिणेत *ड्रुरीई* एकटीच. १८६५ साली कर्नल ड्रुरी यांना अगस्त्यमलाईच्या डोंगरांत सापडली, म्हणून हे नाव. फूल मधासारखं पिवळं आणि त्याच्यावर तीन गडद तपकिरी पट्टे: वरच्या निदलावर एक, दोन्ही पाकळ्यांवर एकेक. पट्टे मोजले की काम झालं, द्वीपकल्पात दुसरी स्लिपर नाहीच. बाकीच्या बहिणी सावलीत राहतात, ही मात्र साधारण १,४०० ते १,५५० मीटरवर उघड्या गवतात, खडकांच्या मध्ये वाढते. त्यामुळे शोधायला सोपी, आणि चोरायलाही. आज ती अतिसंकटग्रस्त आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, हे ठीकच आहे.

फूल नसताना

हिमालयात ऑगस्टनंतर गेलात तर सिप्रिपेडियमचं बोंड शोधा. दांड्याच्या टोकाला एकच उभं, लांबट, कंगोरेदार बोंड, आणि त्याच्या पायाशी ते पानासारखं उपपर्ण. सुकल्यावर ते उभं फाटतं आणि धुळीसारखं बी उडतं. नुसती चुणीदार पानं बघून नाव ठरवू नका. एपिपॅक्टिस या दुसऱ्या ऑर्किडची पानंही तशीच असतात, पण तिच्या दांड्यावर फुलांची, नंतर लोंबत्या बोंडांची रांग असते. पॉलिगोनॅटम या आणखी एका फसव्या झाडाची पानं खोडाला वेढत नाहीत. एवढंही दिसत नसेल तर नोंदवहीत ‘सिप्रिपेडियम, जात अनिश्चित’ असं लिहावं. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा ती नोंद जास्त कामाची.

फोटो आणि पाय

ओळख पटवण्यासाठी पाच फोटो पुरतात: फुलाच्या पातळीवरून समोरचा, बाजूचा, मागून-खालून जोडदलाचा, पानाचा, आणि पट्टी किंवा नाण्यासह सबंध झाडाचा. पॅफिओपेडिलम असेल तर पानाच्या खालच्या बाजूचा आणखी एक. पान उचलायचं नाही, फोन जमिनीलगत धरायचा. लोक पहिला फोटो वीस वेळा काढतात आणि तिसरा एकदाही नाही.

झाडाजवळ जाण्याआधी दोन-तीन मीटरवर थांबून जमीन नीट बघा. जिथे एक फुललेलं असतं तिथे आजूबाजूला न फुललेली, दोन पानांची लहान रोपं असतात, आणि फोटोसाठी गुडघा टेकतो तो नेमका त्यांच्यावर. सिप्रिपेडियमचा पुढच्या वर्षीचा कोंब आताच्या दांड्याच्या बुडाशी, मातीत थोड्याच खोलीवर तयार होत असतो. पायाचा दाब त्याला पुरेसा असतो. फूल तोडलं तर त्याच्याबरोबर पानंही जातात, कारण पानं त्याच दांड्यावर आहेत, आणि खालच्या खोडाला पुढच्या वर्षासाठी अन्न मिळत नाही. खणून आणलेलं रोप सहसा जगत नाही. थंड हवा तर हवीच, शिवाय मुळांशी जमिनीतल्या ठरावीक बुरशीचं नातं असतं, आणि ते कुंडीत जुळत नाही. बीही त्या बुरशीशिवाय रुजत नाही. रुजल्यापासून पहिल्या फुलापर्यंत कित्येक वर्षं जातात.

केसाळ खोडाला हात लावायचा मोह टाळावा. अमेरिकेतल्या मोठ्या जातींच्या ग्रंथियुक्त केसांनी काहींच्या कातडीवर खाज आणि पुरळ उठतं.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पॅफिओपेडिलमच्या सगळ्या जाती संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहेत. जंगलातून तोडणं, खणणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात पॅफिओपेडिलम पहिल्या परिशिष्टात आहे, सिप्रिपेडियम दुसऱ्या. आणि चोरांना आज वाटाड्या लागत नाही, आपला फोटो पुरतो. फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्याच्यासोबत जागेचे आकडेही जातात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, पण वर्णनात तुम्हीच ‘अमुक पुलापासून डावीकडे’ लिहिलंत तर ती झाकून उपयोग नाही. जिल्हा आणि उंची एवढं पुरे.

परदेशात असाल तर

अमेरिकेत मिनेसोटा, मिशिगन किंवा न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे फूल बघायला हिमालय चढावा लागत नाही, मे-जूनमध्ये जवळच्या वनात ते भेटू शकतं. गुलाबी मोजडी, मधोमध उभी चीर, दोनच पानं तीही जमिनीलगत, आणि दांड्यावर पान नाही: ती सिप्रिपेडियम अकॉले. म्हणजे पानांचा वर दिलेला नियम इथे मोडतो. पानं चुणीदारच आहेत, पण ती दांड्यावर चढत नाहीत. पांढऱ्या पाकळ्या, गुलाबी मोजडी आणि पानांनी भरलेला उंच दांडा: रेजिने, मिनेसोटाचं राज्यफूल. पिवळी मोजडी आणि पिळदार तपकिरी पाकळ्या: पार्व्हिफ्लोरम. युरोपातली कॅल्सिओलस तिच्यासारखीच, मरून पाकळ्यांची. आणि खालची दोन निदलं जोडलेली नसून सुटी, मोजडी खाली निमुळती, मेंढ्याच्या तोंडासारखी: ती एरिएटिनम. इथे दलं पाच नव्हे, पूर्ण सहा भरतात. मोजणी चुकली असं समजून पुन्हा मोजत बसू नका.